किरणोपचार आणि लाळ
मुखाच्या वा घशाच्या कर्करोगावरील किरणोपचार सामान्यतः ६ ते ७ आठवडे चालतात. त्या किरणांनी कर्कपेशींबरोबरच शेजारच्या लाळग्रंथींनाही इजा पोहोचते. तोंडातील व्रण उपचारानंतर काही आठवड्यांत बहुधा भरून येतात. कोरड मात्र वर्षानुवर्षे टिकू शकते.

लाळ ही दातांची राखणदार होय. ती आटली की दात झपाट्याने किडतात. आणि किरण लागलेल्या जबड्यातील दात मागाहून काढल्यास जखम न भरता हाड मृत होण्याचा धोका संभवतो. म्हणून दातांची तपासणी उपचारापूर्वीच करून घ्यावी. पुढे १ लिटर कोमट पाण्यात चमचाभर मीठ व चमचाभर खाण्याचा सोडा घालून वारंवार चुळा भराव्यात, मऊ अन्न घ्यावे, तंबाखू वर्ज्य करावा आणि दंतवैद्यास किरणोपचाराची माहिती जन्मभर आवर्जून द्यावी.