पिवळ्या पाटीचे दुकान

घरी टेलिफोन यावा म्हणून वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादीत ताटकळायचे आणि परगावी बोलायला ट्रंक कॉल लावून तासन्‌तास थांबायचे, असा तो काळ होता. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. घरोघरी फोन देणे लगेच शक्य नसेल, तर निदान तो हाकेच्या अंतरावर तरी असावा, असा सॅम पित्रोदा यांचा आग्रह होता. पुढे ‘एसटीडी, आयएसडी, पीसीओ’ या पिवळ्या पाट्या गावोगावी झळकू लागल्या.

लाइन सरकारची, जागा आणि मेहनत दुकानदाराची. किराणा, पानपट्टी, झेरॉक्सच्या दुकानात कोपऱ्यात काचेची केबिन उभी राहिली. मीटरचा आकडा सरके तशी बोलणाऱ्याची धडधड वाढे. बिलावरचे कमिशन हीच दुकानदाराची कमाई. बूथ देताना अपंगांना प्राधान्य असल्याने अनेकांना बसल्या जागी मानाची भाकरी मिळाली. रात्री दर उतरले, की बेळगावहून पुण्या-मुंबईतल्या मुलांशी बोलायला रांग लागे.

१९९५ मध्ये देशात मोबाइल आला. २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले आणि केबिन ओस पडू लागल्या. काहींनी रिचार्ज कूपन विकून दुकान टिकवले. ज्यांचे सारे पोट त्या एका फोनवर होते, त्यांचे मात्र हाल झाले. आज फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. पण सामान्य माणसाला त्याची सवय लावली ती या छोट्या दुकानदारांनी, हे विसरून चालणार नाही.