चिमुकल्या भागांवरची अक्षरे : वाचावीत, पण केवळ त्यांवर विसंबू नये

हुबळीच्या देशपांडे नगरातील सवाई गंधर्व सभागृह असो वा गोव्यातील एखाद्या देवळाचा सभामंडप, आजची मैफल अॅम्प्लिफायरच्या भरवशावर रंगते. तो बंद पडला की दुरुस्ती करणाऱ्याची गाठ तांदळाच्या दाण्याहूनही लहान भागांशी पडते. त्यांवर पूर्ण नाव मावत नाही. मावतात ती दोन-चार अक्षरे.

रेझिस्टरची भाषा त्यातल्या त्यात सरळ आहे. तीन अंकांपैकी पहिले दोन जसेच्या तसे घ्यायचे आणि तिसऱ्या अंकाइतकी शून्ये पुढे लावायची. ‘१०३’ म्हणजे १०,००० ओहम. मात्र ‘१००’ म्हणजे शंभर नव्हे, तर १० ओहम. नवशिका हमखास फसतो तो इथेच. ‘आर’ हे अक्षर दशांशचिन्हाचे काम करते. ‘४आर७’ म्हणजे ४.७ ओहम. चपट्या सिरॅमिक कपॅसिटरवर बहुधा काहीच छापलेले नसते. तो बोर्डावरून काढून मोजावा लागतो.

खरी कसोटी ट्रान्झिस्टरची. त्याच्यावरची अक्षरे हे नाव नसून कंपनीने दिलेली खूण असते आणि एकच खूण दोन वेगळ्या भागांवर आढळू शकते. ‘१ए’ ही खूण बीसी ८४६ ए या ट्रान्झिस्टरवर असते, तशीच काही कंपन्यांच्या एमएमबीटी ३९०४ वरही असते. दोन्ही एकाच प्रकारचे, तीन पायांचे, दिसायला सारखे. पण पहिला ६५ व्होल्ट आणि १०० मिलिअँपिअर सोसतो, तर दुसरा ४० व्होल्ट आणि २०० मिलिअँपिअर. जिथे ५० व्होल्ट आहेत तिथे दुसरा बसवला, तर तो जळण्याचा धोका असतो आणि सोबत शेजारचे भागही जाऊ शकतात.

म्हणून खुणेला इतर पुराव्यांची जोड हवी. बोर्डावर भागाशेजारी छापलेले ‘आर’, ‘सी’, ‘डी’, ‘क्यू’ हे अक्षर अनुक्रमे रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड व ट्रान्झिस्टर सुचवते. त्या जागचा व्होल्टेज किती, हे पाहावे. स्टिरिओ अॅम्प्लिफायरच्या दोन्ही बाजू बहुधा सारख्याच असतात. शाबूत बाजूचा तोच भाग तपासून ताडा घ्यावा. शेवटी कंपनीच्या डेटाशीटमधील खूण, आकार आणि पायांचा क्रम जुळतो का, याची खात्री करावी. हे सारे जुळले तरच डाग द्यावा. अन्यथा पाच मिनिटांची घाई सबंध बोर्डाच्या मुळावर येते.