उभ्या गाडीचेही वय वाढते

कोकणातल्या आपल्या मोहल्ल्यांत हे चित्र नवे नाही. घरचा कमावता मुलगा दुबईला किंवा मस्कतला आणि अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, कव्हर घातलेली गाडी. वर्षातून एकदा तो सुट्टीवर येतो, बॅटरी चार्ज होते, चाकांत हवा भरली जाते आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी लग्ने, नातेवाईक आणि मुंबईच्या विमानतळाच्या फेऱ्यांना जुंपली जाते. आठ वर्षांत ती जेमतेम तीस हजार किलोमीटर चाललेली असते. विकायला काढली तर ‘घरगुती वापर, अगदी कमी चाललेली’ असे अभिमानाने सांगितले जाते आणि घेणाराही खूश होतो.

अशा गाडीतला एक भाग मात्र नुसते किलोमीटर मोजत नाही, वर्षेही मोजतो. तो म्हणजे टायमिंग बेल्ट. तो बोनेट उघडल्यावर दिसत नाही, कारण इंजिनाच्या एका बाजूला प्लास्टिकच्या कव्हरखाली दडलेला असतो. त्याचा आवाज नसतो, वास नसतो. पण तो तुटला तर ज्या इंजिनाला काही झाले नव्हते, ते क्षणात मोठ्या खर्चाचे होऊन बसते.

आधी त्याचे काम समजून घेऊ. इंजिनात दोन फिरणारे दांडे महत्त्वाचे. खालचा क्रँकशाफ्ट, ज्याला पिस्टन वरखाली होत फिरवतात. आणि वरचा कॅमशाफ्ट, जो व्हॉल्व्ह उघडतो. (चक्राच्या गोल फिरण्यातून पिस्टन मागेपुढे हलवण्याची युक्ती अल-जझारी या आपल्या थोर कारागिराने 1206 साली पूर्ण केलेल्या ग्रंथात पाणी उपसण्याच्या पंपासाठी सचित्र मांडली आहे. दियारबकरच्या अर्तुकी दरबारातला हा माणूस मुलांना जरूर सांगावा. गाडीच्या इंजिनात तेच उलट होते: पिस्टन हलतो आणि दांडा गोल फिरतो.) हवा आत घेणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर सोडणे ही चार कामे व्हायला क्रँकशाफ्टचे दोन फेरे लागतात, तेवढ्यात कॅमशाफ्टचा एकच फेरा व्हायला हवा. म्हणून वरच्या चाकाला खालच्या चाकाच्या दुप्पट दाते असतात. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो. हा ताळमेळ ज्या दातेरी पट्ट्याने किंवा साखळीने राखला जातो, तोच टायमिंग बेल्ट किंवा टायमिंग चेन.

पूर्वीच्या अँबॅसेडर आणि पद्मिनीत साखळीच होती. रबरी दातेरी पट्टा विक्रीच्या मोटारीत प्रथम आणला तो ग्लास या जर्मन कंपनीने, 1962 च्या सुमारास. तो स्वस्त, हलका आणि आवाज न करणारा, म्हणून पुढे सगळीकडे पसरला. आपल्याकडची मारुती 800, ओम्नी, जुनी सँट्रो, डिझेलची इंडिका या सगळ्या बेल्टच्या गाड्या. जुन्या डिझेल इनोव्हालाही बेल्टच. स्विफ्टच्या डिझेल इंजिनाला आणि मारुतीच्या के-सीरीज पेट्रोल इंजिनांना मात्र चेन. आपल्या गाडीला काय आहे, हे माहितीपुस्तिकेत पाहावे किंवा गॅरेजवाल्या उस्तादांना विचारावे. नुसत्या कंपनीच्या नावावरून ठरवू नये, कारण एकाच नावाच्या गाडीत पेट्रोलला एक आणि डिझेलला दुसरे, असेही असते.

आता तुटला तर काय होते? बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकच जागा पाळीपाळीने वापरतात. पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह मिटलेला असतो, एवढ्याच भरवशावर सगळे चालते. बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि वेगात असलेले पिस्टन त्यांच्यावर आदळतात. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनला खड्डा पडतो, हेड उतरवावे लागते. डिझेल इंजिनात हवा फार दाबायची असल्याने मोकळी जागा अगदी थोडी, त्यामुळे तिथे सुटका जवळजवळ नाहीच. काही पेट्रोल इंजिनांत जागा पुरेशी असते आणि गाडी नुसती बंद पडते; पण आपले इंजिन त्यांतले आहे, असे गृहीत धरून राहणे शहाणपणाचे नाही. वेळेवर बेल्ट बदलण्याचा खर्च आणि हेडच्या कामाचा खर्च यांत अनेक पटींचा फरक पडतो. आपण इसराफ म्हणजे उधळपट्टी टाळा असे म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर बहुधा लग्नाची जेवणे असतात. धड चालणारे इंजिन एका पट्ट्यापायी मोडून घेणे यालाही दुसरे नाव नाही.

बेल्ट रबराचा, आत काचतंतूंच्या दोऱ्या. इंजिनाची उष्णता, बाजूच्या सीलमधून झिरपणारे तेल, कूलंट आणि नुसता काळ, या सगळ्यांनी तो कडक होतो, दात झिजतात, मुळाशी चिरा पडतात. शेडमध्ये उभ्या गाडीचा बेल्टही म्हातारा होतो, जसे घरात ठेवलेले रबरी चप्पल न वापरताही एक दिवस तुकडे होऊन पडते. म्हणूनच कंपन्या दोन आकडे देतात: इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षे, जे आधी येईल ते. अनेक गाड्यांत किलोमीटरची मर्यादा साठ हजार ते एक लाखाच्या दरम्यान असते, काहींत त्याहून जास्त. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतलाच धरावा. आखाती घरांतल्या गाडीला किलोमीटरचा आकडा बहुतेक कधी गाठताच येत नाही. तिथे वर्षांचा आकडाच खरा, आणि नेमका तोच कोणी पाहत नाही.

बदलताना नुसता पट्टा बदलून भागत नाही. त्याला ताण देणारा टेन्शनर आणि आधाराची पुली यांच्या आत बेअरिंग असतात. तीही तितकीच जुनी झालेली असतात. बेअरिंग जाम झाले की नवाकोरा बेल्टही जळून तुटतो. अनेक गाड्यांत पाण्याचा पंपही याच बेल्टवर फिरतो. तो पुढच्या वर्षी गळू लागला तर सगळे पुन्हा उघडावे लागेल, मजुरी पुन्हा. म्हणून पूर्ण किट आणि सोबत पंप बदलून घेणे, हे उस्ताद सांगत असतील तर ते पैसे काढण्यासाठी सांगतात असे समजू नये. मात्र जुने भाग दाखवायला सांगावे आणि माल अस्सल कंपनीचा, सीलबंद डब्यातला घ्यावा. उतरवलेल्या गाडीतला ‘चालू’ बेल्ट कितीही स्वस्त मिळाला तरी नको. भंगार बाजारातून दरवाजा घ्या, आरसा घ्या, हा भाग घेऊ नका.

बिलावर एकदा नीट नजर टाकावी. ‘बेल्ट बदलला’ एवढेच लिहिले असेल तर तो बाहेरचा, अल्टरनेटर किंवा एसी फिरवणारा बेल्टही असू शकतो. तो तुटला तर बॅटरी चार्ज होत नाही, कधी इंजिन तापते. पण टायमिंग बेल्टशी त्याचा संबंध नाही. बिलावर ‘टायमिंग बेल्ट किट’ असे शब्द, तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर लिहून घ्यावेत. जुनी गाडी घेताना हेच बिल मागावे. विकणारा भला माणूस आहे, नमाजी आहे, खोटे बोलणार नाही, हे सगळे खरे असू शकते. पण त्याला तरी बेल्ट कधी बदलला हे कुठे ठाऊक असते? बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असे धरून तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्यावेत.

गॅरेजमध्ये उभे राहायला मिळाले तर एक गोष्ट जरूर विचारावी, आणि नवरा परदेशात असताना गाडीचे पाहणाऱ्या भगिनींनी तर निःसंकोच विचारावी: ‘चाचा, चालू करण्याआधी इंजिन हाताने दोन फेरे फिरवून खुणा जुळवून पाहिल्यात ना?’ एक दात जरी चुकला तरी गाडी ओढत नाही, थरथरते. जास्त चुकले तर तेच व्हॉल्व्ह वाकतात. पाना लावून हाताने फिरवताना कुठे अडले तर लगेच कळते, स्टार्टरने फिरवताना कळेपर्यंत उशीर झालेला असतो. चांगला मेकॅनिक या प्रश्नाने रागावत नाही, उलट त्याचा हुरूप वाढतो.

चेनवाल्यांना मोकळीक आहे, पण अर्धीच. चेनला ठरावीक मुदत सहसा नसते, मात्र तिचे आयुष्य इंजिन ऑइलवर. ती तेलात चालते आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर बहुधा तेलाच्याच दाबावर काम करतो. तेल वेळेवर न बदलल्यास तिच्या कड्यांच्या पिना झिजतात, चेन लांब होते, प्लास्टिकच्या पट्ट्या घासतात. सकाळी पहिल्यांदा चालू करताना काही सेकंद खडखड ऐकू येणे, पिकअप जाणे, चेक इंजिनचा दिवा लागणे ही तिची भाषा. बेल्टपेक्षा ती एवढी तरी भली, की बहुधा आधी सांगते. उभ्या गाडीचे तेलही वर्षाने खराब होते, तेव्हा गाडी चालली नाही म्हणून तेल तसेच ठेवण्यात बचत नाही. काही नव्या इंजिनांत बेल्टच तेलात बुडून चालतो. तिथे कंपनीने सांगितलेल्या ग्रेडशिवाय दुसरे तेल घालू नये.

आणि एवढे करूनही वाटेत, समजा कशेडी घाटात, इंजिन एकदम गप्प झाले तर? स्टीअरिंग जड होईल, ब्रेकचे पेडल कडक होईल, पण दोन्ही काम करतील. घाबरून ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नये, एकदाच जोर लावून दाबून धरावा आणि गाडी कडेला घ्यावी. मुलांना रस्त्याच्या बाजूच्या दाराने उतरू देऊ नये. चावी फिरवल्यावर स्टार्टर नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरतो असे वाटले, तर हात तिथेच थांबवावा. धक्का मारून चालू करायला चार माणसे धावून येतील, त्यांचे आभार मानावेत आणि नको म्हणावे. प्रत्येक फेऱ्याला आणखी व्हॉल्व्ह वाकू शकतात. गाडी टोइंगने गॅरेजला न्यावी आणि तिथे पहिल्यांदा ते प्लास्टिकचे कव्हर उघडायला सांगावे.