सुपरमार्केटात ऑफिसचा कुर्ता स्वस्त कसा? घेताना हे बघा

धाराशिव : कळंब, तुळजापूर, उमरग्याहून रोज एसटीने बँकेत, दवाखान्यात, दुकानात कामाला जाणाऱ्या मुलींना कपडे टापटीप लागतात, पण पहिल्या पगारात महागडे परवडत नाहीत. २००२ साली मुंबईत पवईला सुरू झालेल्या डी-मार्टसारख्या दुकानांत किराण्याशेजारीच असे कुर्ते मिळतात.

दर कमी का? कापडाचे अनेक थर एकावर एक घालून मशीनने एकदम कापतात. सरळ कट, अस्तर नाही, चुण्या नाहीत. त्यामुळे कापड आणि शिलाई दोन्ही वाचते. काही वेळा मात्र खिसा आणि शिवणीच्या आतले जादा कापडही वाचवले जाते.

म्हणून कुर्ता आधी उलटा करून बघावा. शिवणीत बोटभर कापड असेल तर पुढे सैल करता येतो. घालून हात वर करावा. बसमध्ये दांडा धरायचा असतो. लेबलवर कॉटन किती, पॉलिस्टर किती ते वाचावे. पॉलिस्टर उन्हाळ्यात घाम शोषत नाही. कॉटन पहिल्या धुण्यात आटते, फिटिंग त्यानंतरच करावी.

बिलही तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्केच जीएसटी आहे. आधी हजारावर गेले की १२ टक्के लागायचा. एका काळ्या पँटवर जुळणारे तीन कुर्ते घेतले, की आठवडा आरामात निघतो.