हिरडा, बोअरचं पाणी आणि एक दुपटं

आज मी बेट्टदपुराहून बोलतेय. म्हैसूर जिल्ह्यातल्या पिरियापट्टण तालुक्यातलं हे गाव, आणि माझ्या मागे दिसतोय तो सिडिलु मल्लिकार्जुनाचा डोंगर. सिडिलु म्हणजे कानडीत वीज. आमचं घर भावसारांचं. कापड रंगवणं, छापणं, शिवणं हे समाजाचे जुने धंदे, पण आमच्या घरात रंगाचा हात दोन पिढ्यांपूर्वीच सुटला. मी रंगवते ती हौसेनं, मागच्या अंगणात.

वडील गेले तेव्हा त्यांची दोन सुती धोतरं मी ठेवून घेतली. लेकीला दिवस गेले तसं मनात आलं, यांचं दुपटं करू. त्यातलं पहिलं धोतर मी वाया घालवलं. कसं, ते आधी सांगते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

सुती कापड रंग सहजासहजी धरत नाही. म्हणून त्याला आधी हिरड्याचं पाणी देतात. इथल्या ग्रंधिगे अंगडीत तो ‘अळलेकाई’ म्हणून मागायचा. हिरड्यातला तुरटपणा धाग्याला चिकटतो, त्यावर तुरटी बसते आणि तुरटीवर रंग. मी बोअरचं पाणी घेतलं, हिरड्याची पूड कालवली, धोतर बुडवलं. वर काढलं तर पिवळसर दिसायच्या ऐवजी राखेसारखं करडं! हिरडा आणि लोह भेटले की काळं होतं. जुन्या काळी शाई अशीच व्हायची. आमच्या बोअरच्या पाण्यात लोह होतं, आणि ते मला धोतर घालवून कळलं.

तुम्ही तसं करू नका. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, चिमूटभर हिरडापूड टाका, अर्धा तास थांबा. करडं-काळं झालं तर ते पाणी रंगाला नको. मी आता पावसाचं साठवते. भांडं स्टीलचं, लोखंडाचं नाही, आणि स्वयंपाकाचं तर नाहीच.

दुसऱ्या धोतराला मी महिनाभर हात लावला नाही. भीतीच वाटत होती. मग खांडेनवमीला दारावर, गाड्यांवर झेंडूच्या माळा चढल्या आणि दुसऱ्या दिवशी सुकायला लागल्या, तेव्हा म्हटलं, आता नाही तर कधी?

धोतरातली खळ आणि नीळ साबणाच्या गरम पाण्यात काढली. कोरडं वजन 200 ग्रॅम भरलं. 30 ग्रॅम हिरडा, त्यात वाटीभर म्हशीचं दूध. दूध यासाठी, की वर कुंचल्यानं काढलेली रेघ पसरू नये. कलमकारीवाले हेच करतात. कापड वाळल्यावर त्याच ‘शत्रू’ला कामाला लावलं: गंजलेले खिळे गुळाच्या पाण्यात पंधरा दिवस कुजवले (वास विचारू नका), चिंचोक्याच्या खळीनं ते दाट केलं आणि काठाला डोंगराची रेघ काढली. कुंचला फिरला की मागोमाग काळं उमटत जातं. ते बघायला मला अजून मजा येते.

रेघ वाळू द्या, मग वाहत्या पाण्यात भरपूर धुवा, नाहीतर सुटलेलं लोह पिवळा रंग मळवतं. मग 30 ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात रात्रभर. शेवटी 400 ग्रॅम ताज्या पाकळ्यांचा गाळलेला काढा, तासभर मंद आचेवर, सारखं हलवत. खळखळ उकळी नको. सावलीत वाळवा.

हळदीनं सोपं नाही का, असं विचारतात. सोपं आहे, पण हळद उन्हात उडते आणि साबण लागला की लाल होते. बाळाच्या कपड्याला रोज साबण!

शिवताना एकच सांगते. धोतर हजारदा धुतलेलं, ते आटणार नाही. अस्तराचं कोरं कापड आटतं. ते आधी दोनदा धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात दुपट्याला सुरकुत्या. मग पदर जुळवून साधा धावदोरा, बोटभर अंतरानं.

करडं झालेलं धोतर मी टाकलं नाही. त्याचंच अस्तर लावलं. नात आता सहा महिन्यांची आहे, आणि तिला ती करडी बाजूच आवडते. तीच चोखत असते.