मूल कुणाजवळ ठेवायचं?



मागच्या वेळी आपण ‘कर्तव्य’ या संकल्पनेवर बोललो. व्याख्यान संपल्यावर एक तरुण जोडपं थांबलं. म्हणाले, "सर, कर्तव्य कळलं. पण बाळ सहा महिन्यांचं झालंय, पुढच्या महिन्यात रजा संपते. त्याला कुठं ठेवायचं ते सांगा." आम्हाला पटकन उत्तर देता आलं नाही. आजचं बोलणं त्यांच्या प्रश्नावर आहे.

या विषयावर तत्त्वज्ञानाच्या माणसाने जरा बिचकतच बोलावं. रूसोने 1762 साली ‘एमिल’ लिहून अख्ख्या युरोपला मुलं कशी वाढवावीत ते शिकवलं. आणि स्वतःची पाच मुलं अनाथालयात नेऊन ठेवली! तेव्हा आम्ही सांगू ते पारखून घ्या.

आपल्याकडे पर्याय साधारण तीन. आजी-आजोबा, घरी येणाऱ्या ताई, किंवा पाळणाघर. आजी म्हणजे माया, घरची भाषा, ओळखीचा वास. ताई आल्या की बाळाची झोप मोडत नाही, पण त्या एक दिवस आल्या नाहीत की घर कोलमडतं. पाळणाघरात सोबत मिळते, वेळापत्रक असतं, एक मावशी नसली तर दुसरी असते. मात्र सुरुवातीचे काही महिने सर्दी-खोकला पाठ सोडत नाही. यातलं ‘सर्वांत चांगलं’ कोणतं? आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा विचारलाय. कोणतीही व्यवस्था हवेत चांगली किंवा वाईट नसते. ती कुणाच्या खांद्यावर उभी आहे, हे आधी बघावं लागतं.

इथे कांट उपयोगी पडतो. 1785 मध्ये त्याने मांडलेला विचार आपल्या शब्दांत असा: माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा. एकमेकांचा उपयोग आपण सगळेच करतो. पण समोरच्यालाही स्वतःचं आयुष्य आहे, त्याला ‘नाही’ म्हणता येतं, हे विसरलो की माणसाचं साधन होतं. तर्कशास्त्रात गृहीतक आधी उघड मांडावं लागतं. घरात मात्र उलटं. तिथे काही न मांडता माणसंच गृहीत धरली जातात.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. 1979 ची गोष्ट. आम्ही दोघंही नोकरी करणारे, मुलगा आठ महिन्यांचा. आम्ही वाईला पत्र टाकलं, "आई, अमुक तारखेला घ्यायला येतो." आई आली. चार वर्षं राहिली. मुलगा उत्तम वाढला, आम्ही दोघंही निर्धास्त होतो. पुढे बऱ्याच वर्षांनी एकदा सहज बोलताना ती म्हणाली, "मी नाही म्हटलं नसतं रे. पण कुणी विचारलं नाही." तिचं घाटावरचं कीर्तन, तिच्या मैत्रिणी, तिची दुपार, सगळं आम्ही एका कार्डावर उचलून आणलं होतं. कर्तव्यावर वर्गात तास घेत होतो त्या काळात!

दुधापेक्षा साय प्यारी असं आपण म्हणतो. खरंच आहे. पण सायीवरचं प्रेम म्हणजे दिवसाचे दहा तास ड्यूटी करायला दिलेली संमती नव्हे. म्हणून आजीला विचारा. चारचौघांत नाही, एकटीला गाठून विचारा. ‘नाही’ म्हणायची वाट मोकळी ठेवून विचारा. गुडघे कसे आहेत? आठवड्याची सुट्टी कोणती? सहलीला जायचं असेल तर आपली सोय काय? हे आधी ठरलं की प्रेम आटत नाही, उलट टिकतं.

हेच ताईंच्या बाबतीत. पगार, सुट्टी, आजारपण हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलावं. आणि एक प्रश्न स्वतःला विचारावा: त्या आपलं बाळ सांभाळतात तेव्हा त्यांचं मूल कुठं असतं? 1975 पासून आपल्याकडे सरकारी अंगणवाड्या आहेत, पण तिथली शाळापूर्व वर्गाची वेळ काही तासांचीच असते. त्यांचा दिवस तर आपल्या ऑफिसएवढा लांब. त्यांनाही एक व्यवस्था लागते. त्यांना संध्याकाळी वेळेवर सोडणं हा आपल्या बाळाच्या व्यवस्थेचाच भाग आहे.

पाळणाघर बघायचं तर सकाळी जाऊ नका, तेव्हा सगळं नीटनेटकं असतं. दुपारी चारच्या सुमारास, मुलं उठतात तेव्हा जा. रडणाऱ्या मुलाला मावशी नावाने हाक मारतात का? त्या किती वर्षं तिथे आहेत? मावश्या सारख्या बदलत असतील तर का बदलतात ते विचारा. तान्ही मुलं किती आणि हात किती ते मोजा. आग लागली तर एक माणूस दोनच बाळं उचलू शकतो. पालकांना न सांगता यायची मुभा आहे का? भिंतीवरच्या रंगीत चित्रांपेक्षा ही उत्तरं मोलाची.

तुमच्या ऑफिसलाही विचारा. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पहिल्या दोन मुलांसाठी रजा 26 आठवडे झाली, आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं, असं ठरलं. हा हक्क आहे, उपकार नाही.

या कायद्यातही एक गृहीतक लपलंय बघा. दिवसातून चार वेळा जायचं ते आईने. बाबा कुठे आहेत? घरोघरी हिशेब असाच होतो: "पाळणाघराला इतके जाणार, मग हिच्या पगारात उरतं काय?" अहो, हिच्याच पगारातून का वजा करता? मूल दोघांचं आहे, खर्च दोघांच्या पगारातून वजा करा. मग नोकरी सोडायची की नाही, कुणी सोडायची, याचं उत्तर बदलू शकतं.

आणि शेवटी, निवड चुकली तर? चुकू शकते. पहिला आठवडा थोडा थोडा वेळ ठेवा. सुरुवातीला बाळ रडणारच. पण महिना-दीड महिन्यानंतरही ते झोपेत दचकत असेल, खाणं तुटलं असेल, किंवा आजी गप्प गप्प झाली असेल, तर व्यवस्था बदला. बदलणं म्हणजे हार नव्हे. दर तीन महिन्यांनी सगळ्यांनी एकत्र बसून एवढंच विचारावं: हे कुणाला जड जातंय का?

त्या जोडप्याला आमचं उत्तर हे. कुठं ठेवायचं ते तुम्हीच ठरवाल. पण ज्याच्या हातात बाळ देणार, त्याला आधी विचारा. आमचं विचारायचं राहून गेलं.