तोतया खात्याशी गाठ पडते तेव्हा

आपल्या नावाने कोणीतरी पैसे मागत आहे, ही बातमी बहुधा एखाद्या नातेवाइकाच्या दूरध्वनीवरूनच कळते. फेसबुकवरील आपले नाव आणि छायाचित्र उचलून भामट्याने दुसरे खाते उघडलेले असते. मित्रयादीतील मंडळींना मैत्रीची विनंती जाते आणि पाठोपाठ संदेश येतो : 'निमलष्करी दलातील माझ्या मित्राची बदली झाली आहे, त्याचे फर्निचर स्वस्तात काढायचे आहे.' पोलीस अधिकारी व जिल्हाधिकाऱ्यांच्या नावांनीही हे नाटक वठवले गेले आहे. साहेबांचा शब्द म्हटल्यावर खातरजमा कोण करणार!

अशा वेळी संतापाच्या भरात तोतयाला चार शब्द सुनावले जातात आणि लगेच त्याला ब्लॉक केले जाते. दोन्ही चुकीचे. उत्तर दिल्याने तो सावध होतो. ब्लॉक केल्याने ते खाते केवळ आपल्या नजरेआड होते. इतरांना ते दिसतच राहते आणि पुरावा गोळा करण्याची आपली वाट मात्र बंद होते. मुरलेले भामटे तर खऱ्या मालकालाच आधी ब्लॉक करून ठेवतात. त्यामुळे खाते सापडेनासे झाल्यास ते मित्राच्या खात्यावरून शोधावे.

पहिले काम पुराव्याचे. त्या खात्याची पूर्ण लिंक उतरवून घ्यावी. वरचे नाव आणि छायाचित्र क्षणात बदलता येते, म्हणून केवळ नावावर विसंबू नये. संदेशांचे स्क्रीनशॉट तारीख व वेळ दिसेल अशा रीतीने घ्यावेत. पैसे मागितले असतील तर बँक खाते किंवा यूपीआयचा तपशीलही टिपावा. हे सारे तक्रारीपूर्वी व्हायला हवे, कारण तक्रार मान्य झाली की खात्याबरोबर त्यावरचा मजकूरही दिसेनासा होतो. त्यानंतर त्या खात्यावरील 'रिपोर्ट' या सोयीतून, तोतयेगिरी हेच कारण निवडून तक्रार करावी. 'स्पॅम' असे मोघम कारण दिल्यास तक्रार भलत्याच वाटेने जाते. तक्रार कोणी केली हे समोरच्याला कळवले जात नाही.

शंभर जणांनी तक्रार केली की खाते आपोआप बंद होते, हा समज मात्र खरा नाही. नियमभंग झाला आहे का, हे पाहिले जाते; संख्येला फारसे महत्त्व नसते. 2019 च्या पहिल्या तिमाहीत फेसबुकने सुमारे 219 कोटी बनावट खाती बंद केली, ती जवळजवळ सर्व कोणी तक्रार करण्याआधीच, यंत्रणेच्या साहाय्याने. यंत्रणेच्या चाळणीतून निसटते ते नेमके आपल्या नावाचे, आपल्याच छायाचित्राचे खाते. खरा कोण, हे यंत्राला कसे कळावे? ते ओळखीच्या माणसांनाच सांगावे लागते.

खाते कोणते हे आपण सांगावे, त्यामागचा माणूस कोण हे मात्र ठरवू नये. 2007 मध्ये ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी अवमानकारक मजकूर प्रसिद्ध झाल्याच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. इंटरनेट कंपनीने आयपी क्रमांक चुकीच्या ग्राहकाच्या नावावर दाखवला होता. त्या निरपराध तरुणाचे सुमारे 50 दिवस तुरुंगात गेले. अधिकृत तपासात हे घडू शकते, तर 'हे काम शेजारच्या अमक्याचेच' असे चारचौघांत जाहीर करणे किती धोक्याचे, हे सांगायला नको.

कोणी पैसे पाठवले असतील तर वेळ न दवडता 1930 या क्रमांकावर कळवावे; रक्कम पुढे सरकण्यापूर्वी ती बँकेत रोखून धरता येण्याची शक्यता त्यामुळे वाढते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-ड नुसार तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीस तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. समाजमाध्यम कंपनीने दाद दिली नाही तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जावे. 2021 च्या नियमांनी हा अधिकारी नेमणे बंधनकारक केले आहे. त्याचाही निर्णय पटला नाही, तर केंद्र सरकारने 2023 मध्ये स्थापन केलेल्या तक्रार अपील समितीकडे 30 दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करता येते.